रिपोर्ट नॉर्मल, तरी अंगावर गांधी: हा मनाचा आजार आहे का?

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. म्हणजे हे माझ्या मनातूनच येतंय का?’ अंगावर महिनोन्‌महिने गांधी उठणारी माणसं हा प्रश्न मला वारंवार विचारतात. काही जण तो रागाने विचारतात, कारण त्यांना माझ्याकडे पाठवणाऱ्यानं ‘टेन्शन आहे तुम्हाला’ एवढंच सांगून चिठ्ठी दिलेली असते.

अशाच एक बाई आल्या होत्या. चाळिशीच्या, शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आठ महिने रोज संध्याकाळी मांड्यांवर, पोटावर, पाठीवर लालसर गांधी उठायच्या. खाज इतकी की रात्री झोप नाही. सकाळी डॉक्टरांकडे जावं तर अंगावर काहीच नाही. सोबत धाकटी बहीण होती. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, “मॅडम, ताई फार विचार करते. त्यामुळेच होतं हे सगळं.” बाई खिडकीकडे बघत राहिल्या.

त्यांनी पिशवीतून एक जाडजूड वही काढली. काय खाल्लं, कोणता साबण वापरला, कोणते कपडे घातले, हवा कशी होती, कोणाशी वाद झाला, सगळं तारीखवार लिहिलेलं. संशय आला की तो पदार्थ बंद. असं करत त्यांचं जेवण चार-पाच पदार्थांवर आलं होतं, वजन उतरलं होतं. गांधी मात्र होत्या तशाच. मला त्या वहीची आजारापेक्षा जास्त काळजी वाटली.

ताणाविषयी बोलण्याआधी मी त्यांना आजार समजावून सांगितला. खरं तर हे काम आधीच कुणीतरी करायला हवं होतं. आपल्या त्वचेत मास्ट पेशी असतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी 1878 मध्ये त्यांचं वर्णन केलं. या पेशींमध्ये हिस्टामिन साठवलेलं असतं. ते बाहेर पडलं की बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, त्वचा फुगते, खाज सुटते. एकेक गांध सहसा चोवीस तासांत विरून जाते आणि दुसरीकडे नवी उठते. सकाळी दवाखान्यात काही दिसत नव्हतं ते म्हणूनच. त्यासाठी मोबाइलवर काढलेला फोटो पुरतो.

सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ असं चालू राहिलं की त्याला जुनाट अर्टिकेरिया म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत बाहेरचा कोणी ‘गुन्हेगार’ सापडत नाही, कारण तो बाहेर नसतोच. अनेक रुग्णांच्या शरीराची प्रतिकारशक्तीच या पेशींना डिवचते. पेशीवर आयजीई नावाच्या प्रतिपिंडाचा (अँटिबॉडीचा) ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे ते येऊन चिकटण्याची जागा) असतो, आणि काही रुग्णांच्या रक्तात त्या ग्राहकाविरुद्धच प्रतिपिंडं असतात, हे 1993 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. काहींमध्ये आयजीई स्वतःच्याच थायरॉइडमधल्या प्रथिनाविरुद्ध तयार झालेलं आढळतं. नेहमीच्या रक्ततपासण्या हे शोधायला केलेल्याच नसतात, दुसरा काही आजार नाही ना एवढंच त्या बघतात. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे ‘काही झालेलं नाही’ असा अर्थ होत नाही.

“मग ताणाचं काय?” बहिणीने विचारलं. प्रश्न रास्त होता. त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांकडून सबस्टन्स पी नावाचं रसायन सुटतं आणि मास्ट पेशींवर त्याला प्रतिसाद देणारा वेगळा ग्राहक असतो. त्यामुळे ताणाच्या काळात गांधी वाढतात, यात खोटं काही नाही. पण ताण हे आगीत पडणारं तेल आहे. आग त्याने लावलेली नसते. शिवाय आठ महिने ज्याला झोप नाही त्याला ताण येणारच. ‘टेन्शन घेऊ नकोस’ या सल्ल्याने कुणाचं टेन्शन कमी झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. उलट, आजाराच्या जोडीला अपराधीपणा येतो.

पहिलं काम केलं ते वही बदलण्याचं. रोज दोनच आकडे लिहायचे: गांधी किती, 0 ते 3, आणि खाज किती, 0 ते 3. सात दिवसांची बेरीज जास्तीत जास्त 42. त्वचारोगतज्ज्ञ हेच मोजमाप वापरतात. सहा किंवा त्याखाली म्हणजे आजार चांगला आटोक्यात. बाईंची पहिली बेरीज 31 आली. त्या आकड्याकडे बघून त्या म्हणाल्या, “म्हणजे मी वाढवून सांगत नव्हते.”

बोलता बोलता दोन गोष्टी कळल्या. अँटीहिस्टामिनची गोळी रोज घ्यायला सांगितली होती, पण त्या खाज असह्य झाली तरच घ्यायच्या. सवय लागेल ही भीती. या गोळीचं व्यसन लागत नाही. ती हिस्टामिनची जागा आधीच अडवून बसते, म्हणून गांधी उठण्याआधी पोटात असावी लागते. नव्या पिढीच्या गोळ्यांचा डोस गरज पडल्यास डॉक्टर चौपटीपर्यंत वाढवू शकतात. स्वतःच्या मनाने मात्र नाही. दुसरं म्हणजे, पाठदुखीसाठी त्या अधूनमधून आयबुप्रोफेन घ्यायच्या. जवळपास चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांमध्ये अशा वेदनाशामकांनी गांधी वाढतात. इतक्या बारकाईने लिहिलेल्या वहीत त्याची नोंद एकदाही नव्हती, कारण ‘ते तर औषध आहे ना!’ हे दोन्ही मुद्दे चिठ्ठीवर लिहून मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे परत पाठवलं.

माझ्याकडे उरलं झोपेचं आणि भीतीचं काम. एका रात्री ओठ सुजला होता, तेव्हापासून श्वास बंद पडेल या धास्तीने त्या अर्ध्या जाग्या असायच्या. इथे धीर देण्यापेक्षा स्पष्ट नियम उपयोगी पडतो. जीभ किंवा घसा सुजला, श्वास अडकला, चक्कर आली तर तडक इस्पितळ. फक्त ओठ किंवा पापणी सुजली तर दिसायला भयंकर, पण दोन-तीन दिवसांत ओसरते, डॉक्टरांना कळवून ठेवायचं. हा कागद उशाशी ठेवल्यावर रात्री उठून आरशात बघणं कमी झालं. नखांऐवजी ओला गार कपडा (गारव्याने गांधी उठणाऱ्यांना हा उपाय चालत नाही), झोपण्याआधी संथ श्वासोच्छ्वास. बंद केलेले पदार्थ एकेक करून परत सुरू केले. एकानेही काही बिघडलं नाही.

डोस वाढल्यावर आणि वेदनाशामक बदलल्यावर काही महिन्यांत बेरीज दहाच्या खाली आली. तेवढ्यावर भागलं नसतं तर ओमॅलिझुमॅबचं इंजेक्शन होतं, चार आठवड्यांतून एकदा. अमेरिकेत या आजारासाठी त्याला 2014 मध्ये मान्यता मिळाली. 2025 मध्ये तिथे डुपिलुमॅब हे इंजेक्शन आणि रेमिब्रुटिनिब ही गोळीही आली. संशोधन सरकतंय, आणि बहुतेकांचा आजार काही वर्षांत आपोआप शांत होतो. किती वर्षांत, ते आधी सांगता येत नाही. हे मी बाईंना पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, आणि त्यांना ते पटायला वेळ लागला.

एखादी गांध चोवीस तासांपेक्षा जास्त टिकली, खाजेपेक्षा आग जास्त झाली किंवा जाताना काळपट डाग राहिला, तर प्रकरण वेगळं असू शकतं. त्यासाठी त्वचेचा तुकडा तपासावा लागतो. बाईंना तसं काही नव्हतं.

पुढे शाळेच्या परीक्षांच्या धामधुमीत बेरीज पुन्हा 19 वर गेली. बहीण म्हणाली, मॅडमना फोन कर. बाईंनी आधी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली आणि मग मला कळवलं.