इंग्रजीतला ‘कॉपर’ शब्द आला कुठून? आणि पोलिसालाही कॉपर का म्हणतात?

शब्दाचं मूळ सायप्रस बेटात आहे. भूमध्य समुद्रातल्या या बेटावर प्राचीन काळी तांब्याच्या मोठ्या खाणी होत्या आणि रोमन लोकांना बरंचसं तांबं तिथूनच मिळायचं. म्हणून लॅटिनमध्ये त्याला ‘एस क्युप्रियम’ म्हणत, म्हणजे सायप्रसचा धातू. पुढे ‘एस’ गळालं, उरलेल्याचं ‘कुप्रम’ झालं आणि जुन्या इंग्रजीत ‘कोपोर’. तांब्याची रासायनिक संज्ञा ‘सीयू’ आहे, तीही या कुप्रममुळेच. एका बेटाचं नाव असं जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचलं, हे मला फार विलक्षण वाटतं.

कॉपर म्हणजे तांबूस रंगही, आणि चिल्लरही. ब्रिटनमध्ये १ आणि २ पेन्सच्या नाण्यांना आजही ‘कॉपर्स’ म्हणतात. खरं तर १९९२ पासून ती पोलादाची होऊ लागली, वर फक्त तांब्याचा मुलामा.

पोलिसाचा कॉपर मात्र वेगळा. ‘कॉप’ या क्रियापदाचा अर्थ पकडणं. पकडतो तो कॉपर. गणवेशावरच्या तांब्याच्या बटणांवरून हे नाव पडलं असं बरेच जण सांगतात, पण त्याला पुरावा नाही.