स्वादुपिंडाची तीव्र सूज: विष्ठा-प्रत्यारोपणाचा आग्रह धरावा का?

प्रश्न : पित्ताशयातला खडा अडकून माझ्या नवऱ्याच्या स्वादुपिंडाला तीव्र सूज आली. ते आयसीयूत आहेत, दुसरा आठवडा चालू आहे. स्वादुपिंडाचा बराच भाग मृत झाल्याचं सीटी स्कॅनमध्ये दिसलं. आता खरी भीती इन्फेक्शनची, असं डॉक्टर म्हणतात. निरोगी माणसाची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडली तर हे इन्फेक्शन टळतं, असं मुलाच्या वाचनात आलं. तो स्वतः द्यायला तयार आहे. आम्हाला किळस वगैरे काही नाही, माणूस वाचला पाहिजे. डॉक्टरांकडे आग्रह धरावा का? निदान प्रोबायोटिकची, म्हणजे उपयुक्त समजल्या जाणाऱ्या जिवंत जंतूंची, पावडर तरी नळीतून देता येईल का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र हाती आलं त्याच दिवशी थोडक्यात उत्तर कळवलं होतं : आग्रह धरू नका, आणि पावडर तर मुळीच देऊ नका. असं का म्हणालो ते इथे सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न मला आयसीयूच्या दारात बरेच नातेवाईक विचारतात.

मुलाने वाचलेली कल्पना वेडगळ नाही, हे त्याला जरूर सांगा. एवढी मोठी सूज आली की आतड्याचा रक्तपुरवठा घटतो, त्याची हालचाल मंदावते आणि आतलं अस्तर गळकं होतं. एरवी आतड्यात गुण्यागोविंदाने राहणारे ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारखे जंतू तिथून निसटतात आणि स्वादुपिंडाच्या मृत भागात वस्ती करतात. तिथे रक्त पोहोचत नाही, म्हणजे पांढऱ्या पेशीही नाहीत आणि औषधही पुरेसं नाही. असा भाग मृत झालेल्या साधारण तिघांपैकी एकाला हे इन्फेक्शन होतं, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात. तेव्हा आतड्यातलीच जंतूंची घडी नीट बसवावी, असं कुणाच्या मनात येणं स्वाभाविक आहे.

शिवाय दुसऱ्या एका आजारात या उपायाने खरोखर कमाल केली आहे. अँटिबायोटिक्सनंतर होणारे क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचे जुलाब काही जणांना पुन्हा पुन्हा होत राहतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात अशा 16 जणांना निरोगी दात्याची विष्ठा सलाईनमध्ये घोळून, गाळून नळीवाटे दिली. 13 जण पहिल्याच वेळी बरे झाले. पण ते रुग्ण आणि तुमचे यजमान यांच्यात मोठा फरक आहे. त्या रुग्णांचं आतडं चालतं होतं. यांचं आतडं सुस्तावलेलं आहे, अस्तर गळकं आहे. तिथे कोट्यवधी नवे जंतू सोडले तर ते आतच राहतील, याची हमी कोण देणार?

हा माझा नुसता तर्क नाही. 2008 साली नेदरलँड्समध्येच, स्वादुपिंडाची सूज गंभीर वळण घेईल असं वाटणाऱ्या सुमारे 300 रुग्णांवर प्रोबायोटिकचा अभ्यास झाला. इन्फेक्शन कमी होईल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. ते कमी झालं नाही. उलट प्रोबायोटिक घेतलेल्यांपैकी 24 जण दगावले, न घेतलेल्यांपैकी 9. प्रोबायोटिकच्या गटात नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. जाहिरातीत निरुपद्रवी दिसणारी पावडर या आजारात जीवावर बेतू शकते. म्हणून ती बाहेरून आणून नर्सच्या हाती देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

विष्ठा-प्रत्यारोपणाचा थेट अभ्यासही झाला आहे. चीनमध्ये 60 रुग्णांवर अशी चाचणी झाली. त्यात इन्फेक्शन कमी झालं नाही, उलट आतड्याचं अस्तर आणखी गळकं होत असावं अशी शंका आली. उद्या मोठ्या, काटेकोर अभ्यासांतून काही चांगलं हाती लागलं तर मला आनंदच होईल. तोवर हा उपाय अशा अभ्यासाच्या चौकटीतच व्हायला हवा.

आता मुलाच्या दानाबद्दल. त्याची तब्येत ठणठणीत असेल, पण दात्याच्या विष्ठेत औषधांना न जुमानणारे जंतू गुपचूप असू शकतात. 2019 साली अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा दिला होता : प्रतिकारशक्ती खालावलेल्या दोन रुग्णांना अशाच न तपासलेल्या दानातून चिवट ई. कोलायचं इन्फेक्शन झालं आणि त्यांतला एक गेला. रक्ताचं नातं असलं तरी या तपासण्या टाळता येत नाहीत.

मग करायचं काय? आतड्याला अन्न द्यायचं. ऐकायला फार साधं वाटेल, पण या आजारात आतड्याचं अस्तर शाबूत ठेवायला माझा सगळ्यात मोठा भरवसा यावरच आहे. शिरेतून पोषण देण्यापेक्षा तोंडाने किंवा नाकातल्या नळीतून दिलेलं अन्न इन्फेक्शनच्या दृष्टीने सरस ठरलं आहे. पलंगाशेजारचा फीडचा पंप बघा. त्यावर तासाला किती मिली चाललंय ते दिसतं. स्कॅनसाठी किंवा पोट फुगलं म्हणून फीड थांबवतात, आणि कधी कधी ते परत सुरू करायचं मागे पडतं. ‘फीड पुन्हा कधी सुरू होणार?’ हे तुम्ही रोज विचारा. यात उद्धटपणा नाही. दुसरं विचारायचं ते अँटिबायोटिकबद्दल : ते झालेल्या इन्फेक्शनसाठी चालू आहे की होऊ नये म्हणून? ‘होऊ नये म्हणून’ देण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि त्यातून चिवट जंतू माजतात.

एवढं करूनही इन्फेक्शन झालं, म्हणजे ताप उलटला, पांढऱ्या पेशी चढल्या, स्कॅनमध्ये मृत भागात हवेचे बुडबुडे दिसले, तर सगळं संपलं असं समजू नका. पूर्वी लगेच पोट उघडत. आता आधी अँटिबायोटिक, मग गरज पडली तर नळी घालून पू काढणं, आणि तेही पुरलं नाही तर छोट्या छेदातून किंवा दुर्बिणीतून सफाई, अशी पायरी-पायरीने वाट काढतात. 2021 च्या एका अभ्यासात निचऱ्याची घाई न करता थांबलेल्या गटात 39 टक्के रुग्णांचं नुसत्या अँटिबायोटिकवर भागलं, नळी घालावीच लागली नाही. म्हणून ‘अजून काहीच का करत नाहीत?’ असं वाटलं तरी डॉक्टरांना थोडा अवधी द्या. या आजारात थांबणं हाही उपचार असतो.

आणि ते घरी आले की एक काम उरतं. खडे करणारं पित्ताशय अजून आतच आहे. सूज आणि साचलेलं पाणी ओसरेपर्यंत, म्हणजे बहुधा काही आठवडे, शस्त्रक्रिया लांबवतात. पण डिस्चार्जच्या कागदावर सर्जनकडे पुन्हा कधी दाखवायचं ती तारीख लिहून घेतल्याशिवाय निघू नका.