‘कृपया’ घरात कोण म्हणतं?

मागच्या अंकात मी जाता जाता लिहून गेले की मँचेस्टरला चार वर्षं काढून मग नवऱ्याच्या बदलीमुळे माद्रिदला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला इंदूरला परत आल्यासारखं वाटलं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आलीत की यावेळचा सगळा कॉलम इंग्लिश लोक आणि स्पॅनिश लोक यांच्यातच जाणार. ज्यांनी लोणच्याच्या बुरशीबद्दल विचारलंय त्यांनी रागवू नका, पुढच्या महिन्यात नक्की.

ताई, माझी लेक व्हॅलेन्सियाला मास्टर्स करतेय. फ्लॅटमध्ये तिघी, आमची, एक लीड्सची इंग्लिश मुलगी आणि एक सेव्हिलची. रोज त्या दोघींची धुसफूस. इंग्लिश म्हणते ही उद्धट आहे, कधी प्लीज-थँक्यू नाही. स्पॅनिश म्हणते ही खोटारडी आहे, तोंडावर गोड. लेक मधल्या मधे. चूक कोणाची? (सुदामा नगर)

चूक कोणाचीच नाही हो, पण हे फोनवर सांगून पोरीला पटणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंग्लंडमध्ये प्लीज आणि थँक्यू ही नुसती वाक्यातली कोथिंबीर नाही, तो मीठ-मसाला आहे, तो नसला तर वाक्य बेचव नाही तर अपमानास्पद लागतं. बस ड्रायव्हरला उतरताना थँक्यू, दुकानात सुटे पैसे देताना थँक्यू, घेताना थँक्यू, आणि तुम्ही त्यांच्या पायावर पाय दिलात तर सॉरी तेच म्हणतात. माझी खात्री आहे की याचं एक कारण भाषेतच आहे, इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळं उरलेलं नाही, क्रियापदात आदर घालायची सोय नाही, मग तो आदर घालायचा कुठे, तर प्लीजमध्ये आणि ‘तुम्हाला जमेल का’ असल्या लांबलचक प्रश्नांमध्ये.

स्पेनमध्ये बारमध्ये माणूस जातो आणि म्हणतो ‘पोनमे उन काफे’, म्हणजे ‘मला एक कॉफी दे’. संपलं. पोर फाव्होर म्हणजे प्लीज त्यांच्याकडेही आहे पण प्रत्येक घोटाला लागत नाही. आदर सुरात असतो, आल्या आल्या सगळ्या बारला मिळून जे ‘ब्वेनास’ म्हणतात त्यात असतो. लीड्सच्या मुलीला ऐकू येतो फक्त हुकूम. आणि सेव्हिलच्या मुलीला काय वाटतं, की घरातलं माणूस मीठ मागताना जर ‘तुला फार त्रास होणार नसेल तर’ म्हणायला लागलं तर नक्की काहीतरी बिनसलंय, हिने मला परकी केली.

आता आपलं बघा. ‘कृपया’ हा शब्द आपण शेवटचा कधी बोललो? तो फक्त पाटीवर असतो, कृपया चपला बाहेर काढाव्यात. घरात आपण म्हणतो ‘पाणी दे ना’, ‘जरा सरक’, ‘द्या हो’, आणि ते ‘ना’, ‘जरा’, ‘हो’ सगळं काम करतात. आईला भाजी वाढल्याबद्दल धन्यवाद म्हणून बघा, आधी कपाळाला हात लावून ताप बघेल. तेव्हा तुमची लेक मनातून सेव्हिलच्या बाजूची असणार हे मी लिहून देते, पण तिला सांगा की लीड्सच्या मुलीशी बोलताना प्लीज सढळ हाताने टाक, फुकट असतं.

खोटारडेपणाचंही तसंच. इंग्लिश माणूस ‘इंटरेस्टिंग’ म्हणाला की समजायचं आवडलेलं नाही, ‘नॉट बॅड’ म्हणाला की फार आवडलंय. ‘एकदा भेटू कॉफीला’ हे आपल्या ‘या ना एकदा घरी’सारखं, तारीख विचारायची नसते. सेव्हिलची मुलगी बहुतेक तारीख विचारत असेल! आणि तीच मुलगी तोंडावर ‘हा ड्रेस तुला अजिबात बरा दिसत नाही’ म्हणेल, प्रेमाने, आपल्या मावश्या म्हणतात तसं.

अजून एक, लेकीला विचारा, जेवताना दोघी एकदम बोलतात का? स्पेनमध्ये मधेच तोंड घालणं म्हणजे मी लक्ष देऊन ऐकतेय, गप्प बसलात तर कंटाळलात. इंग्लंडमध्ये वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही तर तो उद्धटपणा. मँचेस्टरच्या जेवणात मी बोलायला जागा शोधत बसायचे आणि ती सापडेपर्यंत विषय बदललेला असायचा. माद्रिदला जागा शोधायची नसते, करायची असते.

बाकी भांडणं घराच्या वस्तूंवरून असणार. स्पॅनिश लोकांना इंग्लंडचं काय विचित्र वाटतं म्हणून मी माद्रिदच्या शेजारणींना विचारलं होतं, राजकारण वगैरे काही नाही, तीन गोष्टी सांगितल्या, बाथरूममध्ये गालिचा, गार आणि गरम पाण्याचे दोन वेगळे नळ (एकाखाली हात गोठतो, दुसऱ्याखाली भाजतो) आणि खिडकीला बाहेरून पट्ट्यांचं शटर नाही, नुसता पडदा, पहाटे पाचला उजेड डोळ्यात. उलट इंग्लिश बायका म्हणायच्या की स्पेनमध्ये थंडीत फरशीवर पाय ठेववत नाही.

आणि लीड्सच्या मुलीच्या कप्प्यात संत्र्याच्या मार्मलेडची बाटली असेल तर सेव्हिलच्या मुलीला दाखवा म्हणावं. सेव्हिलच्या रस्त्यांवर कडू संत्र्यांची हजारो झाडं आहेत, तिथली माणसं ती खात नाहीत, तोंड वाकडं होतं. पण इंग्लंडचं अस्सल मार्मलेड त्याच जातीच्या संत्र्यांचं, स्पेनमधून वर्षानुवर्षं जातात. एकीच्या गावात जे पायाखाली येतं ते दुसरी रोज टोस्टवर लावून खातेय.

हे स्पॅनिश लोक रात्री दहाला जेवतात आणि दुपारी झोपतात, म्हणजे पुण्याचे दुकानदारच की! खरं आहे का? मी रिटायर्ड आहे, मला चालेल. (लोकमान्य नगर)

काका, दुपारची झोप बहुतेकांच्या नशिबी नाही. सिएस्ता हा शब्द जगभर गेला पण माद्रिदच्या ऑफिसात काम करणारा माणूस दुपारी घरी जाऊन झोपत नाही, लहान गावांत दोन ते पाच दुकानं बंद असतात आणि उन्हाळ्यात सेव्हिलला ४० डिग्रीच्या वर पारा गेल्यावर तुम्हीही शटर ओढाल. इंग्लिश लोकांच्या मनात मात्र स्पॅनिश माणूस म्हणजे खुर्चीत पेंगणारा आणि ‘मान्याना’ म्हणजे उद्या बघू म्हणणारा, हे पक्कं बसलंय.

उशिराच्या जेवणाचं खरं कारण घड्याळात आहे, आणि ही गोष्ट मला फार आवडते. नकाशा काढा. माद्रिद हे लंडनच्या पश्चिमेला आहे. ग्रीनिचची रेषा स्पेनमधूनच जाते, वरच्या ताईंची लेक राहते त्या व्हॅलेन्सियाच्या उत्तरेला कास्तेयोनजवळून, आणि सारागोसाच्या पूर्वेला हायवेवर तर त्या रेषेची मोठी कमान उभी केली आहे. म्हणजे सूर्याच्या हिशोबाने दोन्ही देशांचं घड्याळ एकच हवं. पण मार्च १९४० मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या सरकारने घड्याळं एक तास पुढे केली, तेव्हा युरोपात हिटलरचं राज्य पसरत होतं आणि बर्लिनची वेळ तीच होती. युद्धात ब्रिटननेही घड्याळं पुढे ठेवली होती पण संपल्यावर जागेवर आणली, स्पेनने आणलीच नाहीत. त्यात उन्हाळ्याचा अजून एक तास, त्यामुळे जूनमध्ये माद्रिदला डोक्यावर सूर्य येतो सव्वादोनला आणि मावळतो पावणेदहाला. आता सांगा, तिथे दुपारी अडीचला जेवणारा माणूस आळशी आहे का सूर्याप्रमाणे वेळेवर?

आपल्याकडेही थोडं आहेच की हे. आपली वेळ मिर्झापूरकडच्या रेषेची, त्यामुळे इंदूरला सूर्य माथ्यावर यायला सरासरी साडेबाराला दोन-चार मिनिटं कमी असतात.

आणि इंदूरच्या माणसाने रात्री दहाच्या जेवणाला हसू नये. सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाल्यावर तर आपण घरातून निघतो, साडेअकराला भुट्ट्याचा कीस, बाराला जिलेबी, कडेवर पेंगणारं पोर. स्पेनमध्ये अगदी हेच, उन्हाळ्यात रात्री अकराला चौकात मुलं फुटबॉल खेळतायत, आजी बाकावर पंख्याने वारा घेतेय, आई-बाप शेजारच्या टेबलावर. मँचेस्टरला आमच्या शेजारची मुलं साडेसातला झोपलेली असायची, बाहेर लख्ख उजेड! तिथल्या बाईला स्पेनची पोरं बघून दया येते आणि स्पॅनिश आईला इंग्लंडच्या पोरांची. मी सराफ्याच्या बाजूने.

लवकर सांगा, वेळ कोण पाळतं? (एक होतकरू जावई, विजय नगर)

इंग्लिश. स्पॅनिशमध्ये वक्तशीरपणालाच ‘ब्रिटिश पंक्चुअॅलिटी’ म्हणतात, कौतुकाने. पण जेवायला बोलावलं असेल तर दोन्हीकडे पाच-दहा मिनिटं उशिराच जायचं. सासरी वेळेवर जा.

मॅडम, मी यूपीएससीची तयारी करतो. जिब्राल्टरवरून यांचं अजून का जमत नाही? (भंवरकुआँ)

बाळा, नोट्ससाठी पुस्तक वाच, मी आपली मला दिसलेली बाजू सांगते. जिब्राल्टर म्हणजे स्पेनच्या दक्षिण टोकाचा एक खडक, १७०४ मध्ये इंग्रज-डच आरमाराने तो घेतला, १७१३ च्या उत्रेख्तच्या तहात स्पेनने तो लिहून दिला आणि तेव्हापासून पस्तावतोय. १९६७ मध्ये तिथल्या लोकांना विचारलं, ब्रिटनकडे राहायचं म्हणणारे १२,१३८ आणि स्पेनकडे जायचं म्हणणारे ४४. दोन वर्षांनी फ्रँकोने सीमेवरचं फाटकच बंद केलं, अलीकडे बहीण पलीकडे भाऊ, जाळीपाशी उभं राहून ओरडून बारसं-लग्नाच्या बातम्या सांगायचे. १९८२ मध्ये पायी जाणाऱ्यांसाठी उघडलं, १९८५ मध्ये पूर्ण. इंग्लिश माणूस यावर लगेच म्हणतो, मग मोरोक्कोच्या किनाऱ्यावर तुमची सेउता आणि मेलिया ही शहरं काय करतायत? स्पॅनिश म्हणतो ते वेगळं. माद्रिदच्या जेवणात हा विषय मी एकदाच काढला, परत नाही.

पण खरी गंमत इतिहास कोण कुठून सुरू करतं त्यात आहे. इंग्लंडच्या पोराला १५८८ पाठ, स्पॅनिश आरमाराचा धुव्वा, इंग्रज आरमाराचा सेनानी ड्रेक म्हणजे हिरो. स्पेनमध्ये ड्रेक म्हणजे चाचा, समुद्री लुटारू, आणि त्यांना आठवतं १५८९, जेव्हा तोच ड्रेक ला कोरुन्या आणि लिस्बनवर चालून गेला आणि हात हलवत परतला. नाहीतर १७४१, आताच्या कोलंबियातल्या कार्ताखेनाला ब्लास दे लेसो नावाचा सेनापती, एक पाय नाही, एक डोळा नाही, एक हात निकामी, त्याने इंग्रजांचं प्रचंड आरमार परत पाठवलं. आणि इंग्लंडमध्ये आधीच जिंकल्याची पदकं पाडून मोकळे, त्यावर लेसो गुडघे टेकलेला! ती पदकं स्पॅनिश माणूस आजही चघळून सांगतो, २०१४ मध्ये माद्रिदच्या कोलोन चौकात लेसोचा पुतळाही उभा केला. इंग्लंडमध्ये मी दोन-तीन जणांना विचारलं, नाव ऐकलेलं नव्हतं. आपल्या यशवंतराव होळकरांनी १८०४ मध्ये कर्नल मॉन्सनची दाणादाण उडवली ते तरी तिथे किती जणांना माहीत असेल.

लग्नानंतर मी आडनाव बदलावं असं सासरचे म्हणतात. तिकडे काय करतात? (नाव छापू नका)

नाही छापत. इंग्लंडमध्ये अजूनही बऱ्याच जणी नवऱ्याचं आडनाव घेतात, कायद्याची सक्ती नाही. स्पेनमध्ये बाई लग्नानंतर नाव बदलतच नाही, सासूबाईंनीही बदललेलं नसतं त्यामुळे विषयच निघत नाही. प्रत्येकाला दोन आडनावं, एक वडिलांचं एक आईचं. इंग्लंडच्या फॉर्मवर मात्र त्यांची फजिती होते, पहिलं आडनाव मिडल नेम समजून गाळतात. स्पॅनिश बायकांना इंग्लंडची बाई मॉडर्न वाटते आणि मग तिचं आडनाव नवऱ्याचं आहे हे कळल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. तुमच्या सासरी हा कॉलम वाचतात का?

मे महिन्यात आम्ही दोघं ग्रुपबरोबर लंडन आणि स्पेन करतोय. तिथे टूरिस्टांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारतात म्हणे? आम्ही शाकाहारी आहोत. (स्नेहलतागंज)

पिचकाऱ्या जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनात मारल्या, खऱ्या आहेत, पण रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, बघितलेल्या माणसाने त्याला भ्यायचं म्हणजे कमाल झाली. राग माणसांवर कमी आणि घरभाड्यांवर जास्त आहे, फ्लॅट टूरिस्टांना रोजावर गेले की गावच्या लोकांना घर मिळत नाही. आणि सगळ्यात जास्त टूरिस्ट इंग्लंडचेच, २०१९ मध्ये १.८ कोटी ब्रिटिश स्पेनला गेले. त्यांच्यासाठी खास शब्द आहे, ‘गीरी’, म्हणजे उन्हात लालबुंद झालेला, सँडलमध्ये मोजे घातलेला गोरा पाहुणा. शिवी नाही, पण आरतीही नाही. बेनिडोर्म या समुद्रकाठच्या गावाला गेलात तर इंग्लिश नाश्ता, इंग्लिश बिअर, इंग्लिश पाट्या, स्पेन शोधावा लागतो. तिथे घरं घेऊन राहिलेल्या कित्येकांना वीस वर्षांत स्पॅनिश येत नाही. ब्रेक्झिटनंतर मात्र ज्यांच्याकडे तिथे राहण्याचा परवाना नाही त्यांना १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं, स्वतःच्या घरातसुद्धा. माझे स्पॅनिश शेजारी यावर हसायचे पण थोडंच, कारण बिलं तेच लोक भरतात.

रांगेचं तेवढं सांभाळा. लंडनमध्ये एकामागे एक. स्पेनच्या मंडईत रांग दिसणार नाही, घोळका दिसेल, आत शिरू नका, ‘किएन एस एल उल्तिमो?’ म्हणजे शेवटचं कोण, एवढं विचारा, कोणीतरी हात वर करेल, त्याच्यानंतर तुम्ही, आता कुठेही उभे राहा. रांग असतेच, फक्त डोक्यात असते. इंग्लिश लोकांना हे कळत नाही आणि ते घरी जाऊन सांगतात की स्पेनमध्ये रांग नसते.

खाण्याचं. लंडनला मेन्यूवर ‘व्ही’ लिहिलेलं असतं, त्याने बहुतेक भागतं, फक्त अंडं चालत नसेल तर विचारून घ्या. स्पेनला नुसतं ‘सिन कार्ने’, मांस नको, म्हणून भागत नाही, सॅलडवर ट्यूना येतो आणि भाजीत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, तो त्यांच्या हिशोबाने फोडणीचा भाग. तीनदा सांगा, ‘नि कार्ने, नि पेस्कादो, नि खामोन’, मांस नाही मासे नाही हॅम नाही. बटाट्याच्या तोर्तियात अंडं असतं. टोमॅटो चोळलेला पाव ऑलिव्ह तेल घालून मागवा, थंडगार गास्पाचो घ्या, आणि पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या तळून मीठ भुरभुरलेल्या मिळतात त्या घ्याच. तिथले लोक म्हणतात की त्यातली एखादी तिखट निघते, इंग्लिश पाहुणे घाबरत घाबरत खातात. मी तीन वर्षं खाल्ल्या, मला काही ती सापडली नाही.