बर्फाळ रस्त्यावर एबीएस ब्रेकची सवय कशी करावी?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरअखेर इंदूरहून स्वतःच्या गाडीने मनाली आणि पुढे, अटल बोगद्यापलीकडे लाहौल खोऱ्यातल्या सिस्सूला जाताय, बर्फावर कधी गाडी चालवलेली नाही, एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागलं की पायाखाली खडखडतं असं ऐकलंय, तर त्याची सवय कशी करायची. आणि तुमच्या काकांनी बजावलंय की बर्फावर ब्रेक दाबून धरायचा नाही, दाब-सोड, दाब-सोड करायचं, ते बरोबर आहे का.

काकांचं ऐकू नका. यापुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

असे काका आमच्याकडेही आहेत. नात्याने माझे थोरले दीर. मुंज असो, गणपती असो, पंगत बसली की त्यांची एक गोष्ट ठरलेली: "सिस्सूच्या रस्त्यावर मी ओरडलो नसतो ना, पंप कर, पंप कर म्हणून, तर आज ही सगळी मंडळी भिंतीवर असती." मंडळी हसतात, कोणीतरी "वा भाऊजी" म्हणतं, आणि मी वरण वाढत पुढे सरकते. वाढप सोडून ब्रेक समजावायला बसणारी धाकटी जाऊ आमच्या घरात अजून आलेली नाही. इथे मात्र वाढायचं काही नाही, तेव्हा सांगते.

मनालीपर्यंत गाडी भाऊजींनीच आणली. सपाटीवर ते चालवतात उत्तम, त्यात वाद नाही. त्या सकाळी त्यांचं डोकं जड झालं होतं, माझ्या नवऱ्याला घाटात मळमळतं, म्हणून स्टिअरिंग माझ्याकडे आलं. मागे नवरा, जाऊबाई आणि मधे पुतणी, मांडीवर शेवेचं पाकीट. भाऊजी माझ्या शेजारी. आपल्या पायाखाली ब्रेक नाही हे त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. सोलंग सोडल्यापासून त्यांचा उजवा पाय पुढच्या पत्र्यावर दाबलेलाच होता.

अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तो सुरू झाला आणि आपल्यासारख्या मैदानातल्या लोकांना हिवाळ्यात लाहौल दिसायला लागलं. पण त्यातली गोम कोणी सांगत नाही. आत रस्ता कोरडा, दिवे लखलखीत, वारा नाही. पाय आणि कान दोन्ही कोरड्या रस्त्याला सरावतात, आणि बाहेर पडल्या पडल्या वेगळंच राज्य सुरू होतं. दुपारच्या उन्हात वितळलेलं पाणी रस्त्यावर ओघळतं, रात्री तिथेच गोठतं. सकाळी डांबर नुसतं ओलं दिसतं, कारण वरचा थर पारदर्शक असतो. डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर, पुलांवर आणि बोगद्याच्या तोंडाशी हे हमखास. पूल खालूनही गार पडतो, म्हणून आधी गोठतो.

अशाच एका सावलीतल्या वळणापुढे एक टेम्पो ट्रॅव्हलर आडवा होऊन बसला होता. माझा वेग २५ च्या आसपास. मी ब्रेक दाबला तो तळापर्यंत. आणि पायाखाली सुरू झालं: आईच्या जुन्या शिलाई मशीनवर जाड कापड अडलं की पायट्यातून तळपायाला उलटे धक्के बसतात ना, तसं. सोबत बॉनेटखालून खर्रर्र असा घरघराट. शेजारून भाऊजी, "सोड! पाय सोड! पंप कर गं, पंप!" मागून जाऊबाईंचं रामरक्षेतलं जेवढं आठवलं तेवढं.

मी पाय सोडला नाही. गाडी झटकन थांबली का? अजिबात नाही. ती सावकाश, उर्मटपणे सरकत राहिली. पण वळत होती. टेम्पोवरची नजर काढून मी ती डोंगराकडे लोटून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगावर नेली, स्टिअरिंग थोडं तिकडे दिलं, आणि गाडी ऐकत गेली. पुढचं एक चाक ढिगात रुतलं, आम्ही थांबलो. टेम्पो आणि आमचा आरसा यांच्यामध्ये हात घालता आला असता. टेम्पोच्या ड्रायव्हरने खाली उतरून हात जोडले, आणि ते भाऊजींना. वयाने मोठे तेच दिसत होते.

आता गंमत बघा. मी पंप केलंच नव्हतं. खडखडाट भाऊजींनी ऐकला, तो त्यांना माझा पाय वाटला! आपण "पंप कर" म्हणालो, लगेच पंप केल्याचा आवाज आला, गाडी वाचली. त्यांच्या हिशोबात सगळं जुळतं. तो आवाज एबीएसचा होता हे मी त्याच संध्याकाळी हॉटेलात सांगून पाहिलं. ते म्हणाले, "असेल, पण सुरुवात माझ्या सांगण्याने झाली."

भाऊजी, हे वाचत असाल तर (पुतणी दाखवेलच), मशीन नेमकं तेच करतं जे तुम्ही सांगत होतात. फक्त तुमच्या-माझ्या पायापेक्षा कितीतरी वेगाने, आणि चाक बघून. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, तो चाकाचा वेग सतत मोजतो. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावलं, म्हणजे आता जाम होणार हे कळलं, की त्या चाकाचा ब्रेकचा दाब क्षणभर कमी होतो, चाक फिरलं की पुन्हा वाढतो. एका सेकंदात हे कित्येकदा. माणूस जीव तोडून सेकंदाला दोनदा पाय मारेल, आणि तोही चारही चाकांना एकाच मापाने. डावं चाक बर्फावर आणि उजवं कोरड्या डांबरावर असेल तर एका पायाने दोघांना वेगळा न्याय कसा देणार?

आणि जाम झालेल्या चाकाला दिशा नसते. तुम्ही स्टिअरिंग पूर्ण फिरवा, गाडी ज्या रोखाने निघाली त्याच रोखाने घसरत जाते. एबीएसचं मुख्य काम गाडी लवकर थांबवणं हे नाहीच. ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही गाडी वळवता यावी, हे आहे. एबीएस असलेल्या गाडीत पंप केलं तर दर वेळी पाय वर आला की ब्रेक सुटतो आणि तेवढी जमीन फुकट जाते. बर्फावर फुकट घालवायला जमीन नसते.

दाब-सोडची रीत खोटी नाही. भेरूघाटात अँबेसेडर उतरवणाऱ्या माणसाला तीच येत होती आणि त्या गाडीला तीच बरोबर होती. गाडी बदलली, रीत बदलली नाही, एवढंच भांडण आहे. "ही हल्लीची फॅडं" असंही भाऊजी म्हणतात. बॉशचं एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये १९७८ साली आलं. भाऊजींचं लग्न त्यानंतरचं आहे.

तर सवय. खरं सांगायचं तर सवय एकाच गोष्टीची लागते: खडखडाट सुरू झाला की पाय न उचलणे. पहिल्यांदा तो धक्का बसला की काहीतरी मोडलं असं वाटून पाय आपोआप वर येतो, भल्याभल्यांचा येतो. म्हणून ती पहिली वेळ इंदुरातच उरकून टाका. माझी बाबांनी उरकली होती. ते पिथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात ब्रेकच्या कामावर होते. लायसन्स मिळाल्यावर त्यांनी मला आधी रिंग रोडवर नेलं नाही, एका नव्या कॉलनीत नेलं. प्लॉट कापलेले, रस्ते झालेले, घरं नाहीत, कडेला बारीक गिट्टी पसरलेली. अशा कॉलन्या आपल्याकडे बायपासच्या पलीकडे हव्या तेवढ्या आहेत. भल्या सकाळी जा, मागे कोणी नाही हे आरशात बघा, गिट्टीवर गाडी सरळ धरून ३० चा वेग घ्या आणि ब्रेक असा मारा की जणू पेडल तोडायचं आहे. खडखडेल. पाय तसाच ठेवून गाडी पूर्ण थांबू द्या. मग तेच करताना स्टिअरिंग थोडं वळवून बघा. शेजारी कोणी बसवायचंच असेल तर न बोलणारं माणूस बसवा. गाडीत सामान, मागे मुलं, डॅशबोर्डवर गणपतीची मूर्ती, यातलं काही नको, मूर्ती उडते.

आपल्याच पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे, वाहनांची चाचणी घेणारं सरकारी केंद्र. तिथली ११.३ किलोमीटरची वेगाची धावपट्टी सगळ्यांना ठाऊक असते, पण ब्रेक तपासायचीही वेगळी धावपट्टी आहे, वेगवेगळ्या पकडीचे गुळगुळीत पट्टे आणि वर पाणी. म्हणजे घसरणारा रस्ता इंदूरपासून तासाभरावर तयार आहे. आपल्याला आत सोडत नाहीत ही वेगळी गोष्ट. ज्या देशात लायसन्ससाठी आठचा आकडा काढून दाखवला की काम होतं, तिथे एका दुपारी ओल्या फरशीवर एक जोराचा ब्रेक मारायला शिकवलं तर काय बिघडेल, हे मला कळत नाही.

मात्र गिट्टीवर सवय झाली म्हणून मनालीत शूर होऊ नका. कोरड्या डांबरावर ४० च्या वेगाने जाणारी गाडी साधारण ८-९ मीटरमध्ये थांबते. गुळगुळीत बर्फावर त्याच गाडीला ६० मीटरहून जास्त लागतात, आणि यात तुम्ही दचकण्यात घालवलेला सेकंद धरलेला नाही. त्या सेकंदात आणखी ११ मीटर जातात. रस्त्याला नसलेली पकड एबीएस पैदा करत नाही, असलेली वाया जाऊ देत नाही. वेग २० वर आणला तर तेच अंतर १५ मीटरवर येतं. काय करायचं ते यातच आलं. उतारावर हिशोब आणखी वाईट. तिथे दुसऱ्या-पहिल्या गिअरवर उतरा, ब्रेकला कमीत कमी काम द्या. फोर बाय फोरवाल्यांचा तोरा ऐकू नका: चारही चाकांना इंजिनचा जोर मिळतो, ते बर्फातून निघायला मदत करतं, थांबायला चार चाकं तुम्हालाही आहेत.

आता एक गोष्ट, जी मी पंगतीत कधीच बोलणार नाही. भुसभुशीत ताज्या बर्फावर एबीएस असलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेऊ शकते. जाम झालेलं चाक बर्फ पुढे ढकलत त्याचा बांध करतं आणि त्याला अडतं. एबीएस चाक जाम होऊच देत नाही, म्हणून बांध होत नाही. गिट्टीवरही तसंच, तेव्हा सरावात अंतर जास्त वाटलं तर गाडीत दोष काढू नका. याचा अर्थ पंप करा असा नाही. अंतर ठेवा असा आहे. आणि अगदी चालण्याच्या वेगाला आल्यावर एबीएस बाजूला होतं, शेवटची हातभर गाडी घसरली तर घाबरू नका.

गाडी १ एप्रिल २०१९ नंतरची असेल तर एबीएस आहेच, तेव्हापासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं आहे. जुनी असेल तर चावी फिरवल्यावर पिवळा एबीएसचा दिवा लागून विझतो का बघा. दिवाच लागत नसेल तर एबीएस नाही किंवा बिघडलंय, आणि मग तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा, त्यांचंच ऐका. लागून विझत नसेल तर ब्रेक साधे चालतील पण एबीएस चालणार नाही. निघण्यापूर्वी दाखवून घ्या. वाटेत चाकात बर्फ-चिखल अडकूनही तो दिवा लागू शकतो.

टायर आपले मैदानातले, थंडीत त्यांचं रबर कडक होतं, त्यावर एबीएसचा इलाज नाही. बर्फ पडल्यावर पोलीस पुढे फोर बाय फोर किंवा टायरवर चढवायची लोखंडी चेन असल्याशिवाय सोडत नाहीत. वाद घालू नका, "भिया, इंदूर से आए हैं" तिथे चालत नाही. चेन मनालीत भाड्याने मिळते. तुमची गाडी बहुधा पुढच्या चाकांवर चालणारी असेल, तेव्हा चेन पुढच्या चाकांना. पण उतारावर गाडीचं मागचं अंग मोकळं राहतं आणि बाजूला फिरतं, म्हणून तिथे ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही हळू. बसवायची कशी ते दुकानदाराकडून शिकून त्याच्यासमोर एकदा स्वतः करून बघा, हातमोजे घालून. आणि कोरडा रस्ता लागला की लगेच काढा, नाहीतर तुटून चाकाच्या आतल्या बाजूला बसेल, आणि सेन्सरची तार तिथेच असते.