सायू, अंतरपाट दोघींच्या मधेही धरता येतो

प्रिय सायू,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, आपल्या लग्नात मुलगा कुठे, मुलगी कुठे, देणारे कोण, घेणारे कोण, सगळं आधीच ठरलेलं असतं. मग केट आणि मी कुठे उभ्या राहणार? आमच्यासाठी त्यात जागा आहे का, की ते सगळं सोडूनच देऊ?" मी तेव्हा "बघू गं" म्हणून विषय बदलला. पण "सोडूनच देऊ" हे मला लागलं. रागाने नाही. आपल्या लग्नातलं मला जे सगळ्यात आवडतं, त्यात तुम्हा दोघींना मज्जाव करणारं काहीच नाही, आणि हे मी तुला कधी सांगितलंच नाही, म्हणून.

आमच्या वाड्यात लग्न लागायचं तेव्हा आम्ही मुलं पार पुढे, अगदी पाटाला चिकटून बसायचो. गुरुजी काय म्हणतात ते आम्हाला कळत नसे. अण्णांना विचारलं तर तेही "पुढे बघ" म्हणायचे. आम्हाला कळायचा तो अंतरपाट. एका टोकाला दादामामा, दुसऱ्या टोकाला बापूकाका, आणि मधे दोन माणसं एकमेकांना न बघता उभी. शेवटचं "सावधान" झालं की कापड बाजूला, वाजंत्री, अक्षता, एकच गलका. त्या क्षणात कोण मुलगा नि कोण मुलगी याला काही अर्थ नसतो. दोन माणसं आणि एक कापड एवढंच लागतं.

बाकीचे विधी मी याच नजरेने पाहते. ज्यात दोघांनी सारखंच करायचं असतं ते तुम्हाला जसंच्या तसं चालेल: अंतरपाट, माळा, अक्षता, सप्तपदी, उखाणे. मुंडावळ्या तर आपल्यात दोघांच्याही कपाळाला बांधतात, त्यामुळे तिथे प्रश्नच नाही. अडचण येते ती एक बाजू देते नि दुसरी घेते अशा विधींची: सीमांतपूजन, कन्यादान, झाल. ते बदलावे लागतील किंवा गाळावे लागतील. आणि "बदलायला आपण कोण" असं मनात आलं, तर एवढं लक्षात ठेव. जोतीराव फुल्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज काढला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात भटजीशिवाय पहिलं लग्न लावलं. मंगलाष्टकंसुद्धा त्यांनी नवी रचली. त्यात नवरी स्त्रियांचे हक्क मागते आणि नवरा वचन देतो. आज पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या स्त्रिया पौरोहित्य करतात. म्हणजे आपलं लग्न कधी एकाच साच्यात बसून राहिलेलं नाही.

आता कामाचं.

कायद्याचा भाग आधी उरकून टाक. इथे ऑस्ट्रेलियात 9 डिसेंबर 2017 पासून तुमचं लग्न इतर कुठल्याही लग्नासारखंच आहे. नोंदणीकृत सेलिब्रंट, म्हणजे कायद्याने लग्न लावायचा अधिकार असलेली व्यक्ती लागेल, आणि लग्नाची नोटीस त्यांच्या हातात किमान एक महिना आधी पोचायला हवी. फार लवकरही नको, अठरा महिन्यांच्या आतली हवी. अठरा वर्षांवरचे दोन साक्षीदार लागतात. नावं पासपोर्टवर आहेत तशीच लिहा, "सायू" चालणार नाही. आपले गुरुजी किंवा पुरोहितबाई नोंदणीकृत नसतील, तर त्यांनी लावलेलं लग्न कायद्याच्या लेखी लग्न नाही. म्हणून सेलिब्रंट आणि पुरोहित दोघांना आधी एकदा समोरासमोर बसव आणि क्रम कागदावर उतरवून घे. कायद्याची वाक्यं आणि सह्या सप्तपदीनंतर लगेच ठेवल्या तर मधे तुटल्यासारखं वाटत नाही. भारतात मात्र सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 ला अशा लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. पुण्यात नंतर समारंभ करायचा असेल तर आनंदाने करू, पण तिथे नोंदणी होणार नाही, हे केटच्या घरच्यांना आत्ताच सांगून ठेव.

वेळ दुपारी दोनची धर. मार्चमधे मेलबर्नचे दोन म्हणजे तिकडे सकाळचे साडेआठ, त्यामुळे माईआजी अंघोळ-पूजा आटोपून पडद्यासमोर बसू शकेल. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात, म्हणून तारीख पुढे ढकललीत तर तिकडे साडेनऊ होतील. दोनची आणखी एक सोय आहे. त्या वेळी सूर्य इथे उत्तरेला असतो. एकीने पूर्वेकडे आणि एकीने पश्चिमेकडे तोंड केलं तर ऊन दोघींच्याही डोळ्यांत जात नाही, फोटोही बरे येतात. तुझ्या "कुठे उभ्या राहणार" ला माझं हे अगदी सरळ उत्तर आहे: पूर्व-पश्चिम, आणि कोणी कुठे ते नाणं उडवून ठरवा.

अंतरपाटाबद्दल मला मनापासून काहीतरी सुचवायचंय. नको वाटलं तर सरळ सांग. नेहमीचा पांढरा, कुंकवाचं स्वस्तिक काढलेला अंतरपाट चांगलाच असतो. पण तुम्हाला रंग हवेत, आणि तुमच्या इंद्रधनुषी झेंड्याला सहा पट्टे आहेत. घरातल्या सहा जुन्या साड्यांचे सहा पट्टे जोडून अंतरपाट शिवू या. माईआजीचं जांभळं इरकल, बेबीमावशीचं हिरवं नारायणपेठी, आत्याची विरलेली पिवळी गढवाल, माझी लाल नऊवारी. निळा आणि केशरी पट्टा केटच्या आईच्या आणि आजीच्या कपड्यांतून मिळाला तर सोन्याहून पिवळं. पैठणीला मात्र कात्री लावायची नाही. जिचा पदर धड आहे अशी कुठलीच साडी कापायची नाही, आधीच फाटलेल्याच घ्यायच्या.

मापं सांगते. तयार अंतरपाट अडीच मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद पुरतो. सहा पट्टे आडवे लावायचे. शिवून प्रत्येक पट्टा एकवीस सेंटिमीटरचा राहायला हवा, म्हणून कापताना चोवीसचा काप, दोन्ही बाजूंना दीड दीड सेंटिमीटर शिवणीत जातं. जुनं रेशीम टाके ओढले की घडीवर फाटतं, त्यामुळे मागे सुती अस्तर हवंच. अस्तराचं दुसरं कारण महत्त्वाचं: उन्हात पातळ साडीतून आरपार दिसतं, आणि मग अंतरपाटाचा अर्थच राहत नाही. लग्न बागेत आहे, मार्चमधे वारा असतो, कापड शिडासारखं फुगून एखादीच्या तोंडावर येईल. खालच्या दुमडीत दर वीस सेंटिमीटरवर एकेक नाणं शिवून टाक. धरणारे दोघं साधारण एका उंचीचे निवड. नाहीतर मधे कापड झोळ घेतं आणि उंच टाचा घातलेली वरून बघते. केट तुझ्याहून बरीच उंच आहे, म्हणून तू पाटावर आणि ती जमिनीवर असं करता येईल. आधी एकदा चपला-बुटांसकट उभ्या राहून बघा.

मंगलाष्टकं सहा पुरेत. एकेक पाऊण मिनिट धरलं तर साडेचार-पाच मिनिटं. त्याहून लांबली की अक्षता संपतात आणि लोक कंटाळतात. आमच्याकडे घरचं एक तरी मंगलाष्टक असायचंच, आजोळची नावं गुंफलेलं. आत्या रात्र रात्र बोटांवर अक्षरं मोजत बसायची. तुमच्यासाठी मी लिहू का? शार्दूलविक्रीडित वृत्तात ओळीला एकोणीस अक्षरं, बाराव्यावर थांबा. "सायली" हे गुरू-लघु-गुरू, ते ओळीच्या अगदी शेवटी चपखल बसतं. "केट" गुरू-लघु, त्याला तर ओळीत चार-पाच जागा सापडतात. तिचं आडनाव काही केल्या बसत नाही, म्हणून आडनावं दोघींचीही गाळते.

अक्षतांसाठी एका माणसाला वीस ग्रॅम, म्हणजे एकशेवीस पाहुण्यांना अडीच किलोच्या आत. किलोला अर्धा चमचा हळद आणि अगदी बोटभर तूप. कुंकू नको, ओल्या कुंकवाचा डाग रेशमावरून जात नाही. आदल्या दिवशी करून सावलीत पंचावर पसर. ओल्या राहिल्या तर गोळे होतात आणि लागतात. पण बागेचे लोक जमिनीवर तांदूळ टाकू देतात का, ते आधी लेखी विचार. नसतील देत तर फुलांच्या पाकळ्या, मला त्याही आवडतील. केटकडच्यांना अक्षता कधी टाकायच्या ते कळणार नाही, त्यांच्यात आपल्यातलं एकेक जण पेरून बसव.

माळा कार्नेशनच्या कर. एका माळेला पंचाहत्तर फुलं लागतील, सुई देठाच्या फुगीर भागातून काढायची आणि दोरा दुहेरी सुती. माळ अंबाडा, गजरा आणि मुंडावळ्यांवरून सहज उतरायला हवी, हे आदल्या दिवशीच तपासून बघ. मुंडावळ्या मोत्यांच्याच घेऊ. तिकडून ताजी फुलं किंवा आंब्याची पानं कोणाला आणायला सांगू नकोस, विमानतळावरच काढून घेतात. हळद लावायला पान हवं म्हणून इथल्या बागेतलं कुठलंही लांबट पान तोडू नका. इथे कण्हेर जागोजागी आहे, दुरून ते आंब्याच्या पानासारखं वाटतं, आणि ते विषारी आहे.

हळदीचं जुनं रूप तुला आवडणार नाही. आधी नवऱ्याला लावायची, त्याची उष्टी मग नवरीला. आमच्या वेळी हे कोणी विचारत नसे, आणि मला त्यात आजीच्या हातांची गंमत आठवते, उष्टं-बिष्टं नाही. तुमच्यासाठी दोन घरच्या दोन वाट्या एका ताटात ओता, कालवा, आणि दोघींनाही तीच लावा. लग्नाच्या दोन दिवस आधी करा. केटच्या गोऱ्या कातडीवर पिवळेपणा राहतो, म्हणून कोपराच्या आत थोडी लावून आधी बघा, आणि दूध घालून पातळच ठेवा.

कन्यादानाचं मी फार घोळवलं. तुझ्या बाबांना हातावर पाणी सोडायचं होतं, त्यांच्या वडिलांनी आत्याच्या लग्नात सोडलं तसं. मला त्याला आता हो म्हणवत नाही, कारण तू द्यायची वस्तू नाहीस. पण बाबांच्या मनातलं पाणी वाईट नाही गं. तुम्हा दोघींचे हात एकत्र, त्यावर चारही आईवडिलांचे हात, आणि सगळ्यांनी मिळून एकच पळीभर पाणी सोडायचं, असं चालेल का? नाही म्हणालीस तर मी बाबांना सांगेन, ते तुझ्यावर सोडणार नाही.

सप्तपदीला तांदळाच्या सात लहान राशी, मूठभराची एक, मधे एकेक हात अंतर. नऊवारीत पाऊल मोकळं पडतं, सहावारीत आखडतं, तेव्हा तू नऊवारीच नेस. शिवलेली नको असेल तर नेसवायला पाऊण तास धर. केट सूट घालणार असेल तर उपरणं खांद्यावर पिन करून घ्या, तुझ्या शेल्याची गाठ त्याला मारता येईल. पुढे-मागे न चालता शेजारी शेजारी चाला, दोघीही उजवं पाऊल आधी. पाचवं पाऊल संततीचं असतं. ते ठेवायचं की तिथे तुमच्या मनातलं दुसरं काही म्हणायचं, हे तुम्ही ठरवा, मी विचारणारसुद्धा नाही. सातवं सख्याचं. ते मात्र ठेवा, एवढा एक माझा हट्ट.

अग्नीची काळजी मला जास्त आहे. बागेत होम करायचा तर खाली विटा, त्यावर वाळूचा ट्रे, त्यावर लहान तांब्याचं कुंड, बाजूला भरलेली बादली. आगबंदी जाहीर झाली तर होम बंद म्हणजे बंद, आणि आत हॉलमधे धुराचा भोंगा वाजतो. म्हणून मोठी समई, तेल आणि वाती गाडीत असूच देत. समईभोवती चाललं तरी मला काही उणं वाटणार नाही.

मंगळसूत्राला दोन वाट्या असतात, एक माहेरची, एक सासरची. तुमच्या बाबतीत दोन्ही घरं दोघींची माहेरंही आणि सासरंही. दोन मंगळसूत्रं, दोन्हींत दोन्ही घरची एकेक वाटी, हे मला सुचलं. पण केटला काळे मणी नको वाटले तर अंगठीच बरी. चुडा तुला हिरवा भरायचाच आहे, केटला हव्या तर तिच्या मनगटाचं माप पाठव, तिचा हात मोठा आहे आणि ऐनवेळी काच फुटते. कानपिळीला तुझा मावसभाऊ केटचा कान पिळेल, आणि केटच्या भावाला तुझा पिळायला आत्ताच शिकव.

उखाणा मी एक करून ठेवलाय:

अंतरपाट झाला दूर, अक्षतांची बरसात,
केटचं नाव घेते, तिचा हात माझ्या हातात.

केटसाठीचा वेगळा करते, जोडाक्षरं न घेता, म्हणजे तिची जीभ अडखळणार नाही.

यातलं अर्धं गाळलंस तरी मला चालेल. फक्त माहीत नव्हतं म्हणून गाळू नकोस. साड्यांचं पार्सल मावशी या महिन्याच्या शेवटी तिकडून पाठवेल, त्याआधी केटच्या आईला निळ्या-केशरी कापडाचं विचारून मला कळव, म्हणजे अस्तर कोणत्या रंगाचं घ्यायचं ते ठरेल.

तुझी,
आई