वीस टक्क्यांवर अडकू नकोस

अरे, आर्टिकलशिपच्या (सीएच्या उमेदवारीच्या) पहिल्याच महिन्यात २० टक्क्यांचा आकडा पाठ केलास, बरं झालं: दुसऱ्या कंपनीतली २० टक्के किंवा जास्त मतं हातात असली की तिच्यावर लक्षणीय प्रभाव, म्हणजे नियंत्रण नसलं तरी धोरणात सहभाग; त्याहून कमी असली तर नाही. पण इंड एएस २८ मध्ये (सहयोगी कंपन्यांच्या भारतीय लेखा मानकात) ते नुसतं गृहीतक आहे; पुरावा असेल तर दोन्हीकडून मोडतं. समज, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीकडे खानापूरच्या मशीनिंग कंपनीचे १५ टक्केच शेअर आहेत. पण फाउंड्रीचा माणूस त्या कंपनीच्या संचालक मंडळावर बसतो, लाभांश किती द्यायचा यात त्याचा शब्द चालतो, अत्यावश्यक ड्रॉइंगही फाउंड्रीच देते. मग प्रभाव लक्षणीयच की! म्हणून शेअर रजिस्टरवर थांबू नकोस, मंडळाची इतिवृत्तं आणि करार मागून घे. (क्लायंट कुरकुरेल, कुरकुरू दे.) परिवर्तनीय रोखे शेअरमध्ये बदलून घ्यायचे, आजच बजावता येणारे हक्कही हिशेबात धर. आणि फाउंड्रीचं थेट नियंत्रणच निघालं, तर खानापूरची कंपनी तिची उपकंपनी. तिथे इक्विटी पद्धत (गुंतवणुकीच्या एका ओळीत नफ्या-तोट्यातला आपला वाटा धरणं) नाही, पूर्ण एकत्रीकरण, म्हणजे दोघींचे हिशेब ओळीला ओळ जोडायचे.