कोठारात पंचवीस वर्षं उभा असलेला कॅटरपिलर डी२ डोझर चालू करावा की भंगारात द्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियात सिएराच्या पायथ्याशी दहा एकर जागा घेतली, जागेबरोबर कोठारातला जुना पिवळा डोझर आला, आधीच्या मालकाची मुलगी सांगते की पंचवीसेक वर्षं त्याला कुणी हात लावलेला नाही, आणि भंगारवाला उचलून न्यायला तयार आहे. द्यावा का? आणि नाही दिला तर चालवायला शिकता येईल का?

देऊ नका. निदान महिनाभर तरी नाही. भंगारवाला कुठे पळून जात नाही.

मी लोडायला राहतो, तुमच्यापासून फार लांब नाही. वडील सांगलीकडे पाटबंधारे खात्यात डोझर ऑपरेटर होते, त्यामुळे असं यंत्र दिसलं की माझं पाऊल अडतंच. आपल्याकडे खोदणाऱ्या कुठल्याही यंत्राला लोक पोकलेन म्हणतात, आणि पिवळं काहीही दिसलं की जेसीबी; दोन्ही मुळात परदेशी कंपन्यांची नावं. डोझर मात्र डोझरच राहिला. आठ वर्षांपूर्वी एका द्राक्षबागायतदाराकडून मी असाच एक डी२ घेतला आणि दोन हिवाळे त्याच्या खाली आडवा पडून काढले. पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं त्या दोन हिवाळ्यांत चुका करून शिकलेलं आहे.

पहिलं काम, इंजिनावरच्या पत्र्याच्या पट्टीवरचा नंबर वाचा. डी२ हा १९३८ पासून १९५७ पर्यंत बनला. नंबर ३जे किंवा ५जे ने सुरू होत असेल तर तो १९४७ च्या आधीचा, ४यू किंवा ५यू असेल तर नंतरचा. यातले ३जे आणि ४यू अरुंद, दोन चेनमधलं (चाकांऐवजी असणाऱ्या लोखंडी पट्ट्यांमधलं) अंतर ४० इंच; ५जे आणि ५यू रुंद, ५० इंच. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून तुमचा ५यू वाटतो. तसं असेल तर चांगलं, कारण उतारावर ते दहा इंच फार उपयोगी पडतात. यू मालिकेत डी३११ हे चार सिलिंडरचं इंजिन आहे, बोअर (सिलिंडरचा व्यास) चार इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) पाच इंच, म्हणजे साधारण ४.१ लिटर. नंबर कळला की त्याच नंबरचं पार्ट्‌स बुक आणि सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. अँटिक कॅटरपिलर मशिनरी ओनर्स क्लब नावाची संस्था आहे, तिथली मंडळी या बाबतीत उदार आहेत.

आता खरी गोष्ट. जुना डोझर हाती आला की प्रत्येकाला एकच घाई असते, इंजिनाचा आवाज ऐकायची. मलाही होती. पण ही इंजिनं इतकी चिवट आहेत की बहुतेक वेळा ती चालू होतातच. तीन टनांचं धूड एकदा चालू झालं की ते वळतं का आणि थांबतं का, हा प्रश्न मोठा. मी ते आधी तपासलं नाही. पहिल्याच दिवशी उजवीकडे वळायला लिव्हर ओढला, डोझर सरळच जात राहिला आणि माझ्या स्वतःच्या शेडचा कोपऱ्यावरचा खांब घेऊन थांबला. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. त्या खांबाचा विषय अजून निघतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी खालची सगळी बुचं सैल करा: इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही फायनल ड्राइव्ह (दोन्ही चेनना फिरवणारे शेवटचे गिअर). पूर्ण काढू नका, नुसती सैल. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि आधी बाहेर येतं. गिअरबॉक्समधून पेलाभर पाणी आलं तर घाबरू नका, उघड्यावर उभ्या राहिलेल्या यंत्रात गिअरच्या दांड्याशेजारून पाऊस आत जातो. इंजिनातून पाणी आलं तर मात्र थांबा आणि ते कुठून आलं ते शोधा. बहुतेकदा धुराड्यातून आलेलं असतं. वाईट नशीब असेल तर थंडीत गोठून फुटलेल्या ब्लॉकमधून.

मग इंजिन हाताने फिरतं का ते बघा. फिरत नसेल तर सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल मिसळून सोडा आणि आठवडाभर विसरून जा. मग फ्लायव्हीलला (इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाला) पहार लावून थोडं इकडे, थोडं तिकडे. कुणीतरी नक्की सल्ला देईल की गिअरमध्ये टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढा म्हणजे सुटेल. सुटतंही, पण कनेक्टिंग रॉड वाकवून किंवा व्हॉल्व्ह तोडून. आणि स्टार्टिंग फ्लुइडचा (इंजिन चटकन पेटावं म्हणून मारायच्या ईथरच्या फवाऱ्याचा) डबा घराबाहेर ठेवा, या इंजिनाला ते विष आहे.

इंजिन सुटलं की इंधनपंप. दर सिलिंडरला वेगळा पंप आहे आणि ते सगळे एका दांड्याने, रॅकने, एकत्र हलतात. पंचवीस वर्षांच्या डिझेलचा डिंक होतो आणि रॅक चिकटून बसतो. तो चिकटलेला असताना इंजिन चालू केलं तर गव्हर्नरचं (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेचं) काही चालत नाही. इंजिन सुसाट सुटतं आणि स्वतःला फाडून घेतं. म्हणून रॅक बोटाने सहज सरकतो याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिल्यांदा चालू करताना हवा आत ओढणारं तोंड पूर्ण झाकेल अशी एक सपाट फळी हाताशी ठेवून एक माणूस तिथेच उभा करा. फळीच, तळहात नाही.

आता या यंत्राचा सगळ्यात देखणा भाग, पोनी इंजिन. शेजारी जे दोन सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन दिसतं ना, ते स्टार्टर आहे. त्या काळी थंडीत एवढं डिझेल फिरवायचं म्हणजे बॅटरीचं काम नव्हतं. मोठं इंजिन चालू करायला छोटं इंजिन, ही कल्पना ऐकायला वेडगळ वाटते, पण बघा काय साधलंय: दोघांचं थंड करायचं पाणी एकच, त्यामुळे पोनी चालली की तिच्या गरम पाण्याने मोठं इंजिन उबदार होतं, आणि पोनीचं धुराडं मोठ्या इंजिनात हवा जाण्याच्या वाटेतून काढलंय, त्यामुळे आत जाणारी हवाही तापते. बॅटरी दहा-वीस सेकंदांत दमते, पोनी पेट्रोल संपेपर्यंत फिरवत राहते.

चालू करायची रीत अशी. गिअर न्यूट्रल, मुख्य क्लच तोडलेला, म्हणजे इंजिनाची ताकद पुढे जात नाही. कॉम्प्रेशनचा लिव्हर 'स्टार्ट'वर, म्हणजे मोठ्या इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि ते हलकं फिरतं. पोनीच्या पेट्रोलचा नळ उघडा, चोक द्या, फ्लायव्हीलला दोरी गुंडाळा आणि ओढा. दोरी हाताला गुंडाळायची नाही, नुसती मुठीत धरायची. उलटा झटका आला तर दोरी सुटून जायला हवी, बोटं नाहीत. पोनी चालली की तिला दोन-चार मिनिटं तापू द्या, मग पिनियन (मोठ्या इंजिनाला फिरवणारं छोटं दातेरी चाक) अडकवा, पोनीचा क्लच लावा. मोठं इंजिन घुमायला लागेल. ऑइलच्या घड्याळाचा काटा वर येईपर्यंत तसंच घुमू द्या. पंचवीस वर्षं कोरड्या पडलेल्या बेअरिंगना याहून प्रेमाने कुणी उठवू शकणार नाही. मग कॉम्प्रेशन 'रन'वर. पोनी कण्हते, वेग पडतो, पण ती सोडत नाही. आणखी एखाद-दोन मिनिटांनी थ्रॉटल उघडा. आधी पांढरा धूर, मग एक ठोका, मग दुसरा, आणि मग चारही. पिनियन आपोआप सुटतं.

पोनी बंद करताना स्विच नाही, पेट्रोलचा नळ बंद करायचा आणि कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत तिला चालू द्यायचं. हे विसरलात तर पेट्रोल तिच्या ऑइलमध्ये झिरपतं आणि कार्ब्युरेटरमध्ये राळ बसते. अनेकांची पोनी 'खराब' असते ती एवढ्याच आळसामुळे. पोनीला स्वतःचं वेगळं ऑइल आहे, हेही लोक विसरतात.

हे सगळं जमलं तरी डोझर कोठाराबाहेर काढू नका. आता वळण्याची गोष्ट. याला स्टिअरिंग चाक नाही. दोन लिव्हर, दोन ब्रेक. उजवा लिव्हर ओढला की उजव्या चेनची ताकद तुटते, उजवा ब्रेक दाबला की ती चेन जागीच धरली जाते आणि डोझर उजवीकडे वळतो. ही ताकद तोडणारे क्लच कोरडे असतात. पडून राहिले की त्यांच्या प्लेटा गंजून एकमेकींना चिकटतात, मग लिव्हर ओढा नाहीतर देवाचं नाव घ्या. मोकळ्या मैदानात, पहिल्या गिअरमध्ये, मंद वेगावर एकेक बाजू तपासा. लिव्हर ओढून ब्रेक दाबल्यावर इंजिन दबतं पण डोझर वळत नाही, म्हणजे चिकटलाय. दोन्ही लिव्हर मागे ओढून बांधून ठेवा, तसेच काही आठवडे राहू द्या, मग गरम करून मागे-पुढे झटके द्या. माझा डावा असा सुटला. उजव्यासाठी सीट, टाकी, चेन सगळं उतरवावं लागलं. ते उघडाल तेव्हा आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा.

खर्चाचं म्हणाल तर तो खालीच आहे, चेनमध्ये. स्प्रॉकेटचे (चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाचे) दात टोकदार झालेत का, रोलर (चेनवर धावणारी छोटी चाकं) मोकळे फिरतात का, चेन उचलल्यावर सापासारखी डावी-उजवीकडे लोंबते का, ते बघा. चेनच्या कड्या जोडणारे पिन आणि बुश एका बाजूने झिजलेले असतील तर मोठ्या प्रेसवर उलटे बसवून घेता येतात, आणखी एक आयुष्य मिळतं. तेही आधीच कुणी केलेलं असेल तर नवी चेन, नवे रोलर, नवे स्प्रॉकेट मिळून डोझरच्या किमतीपेक्षा बिल मोठं होतं. घरच्या वापराला मात्र झिजलेली चेन वर्षानुवर्षं पुरते. वरच्या बाजूला इंच-दीड इंच झोळ ठेवा, ताठ ताणू नका. आणि पुढच्या आयडलरमागची (चेन ताणून धरणाऱ्या पुढच्या चाकामागची) जाड स्प्रिंग ओळखून ठेवा. ती प्रचंड दाबून बसवलेली असते, तिचे बोल्ट 'बघू तरी' म्हणून सोडवायला गेलेली माणसं मेली आहेत. ते काम वर्कशॉपचंच.

चालवणं. पातं टेकवून पुढे निघालं की नवशिक्याची जमीन पत्र्यासारखी नागमोडी होते. कारण सोपं आहे: पातं जे उंचवटे-खड्डे करतं त्यांच्यावरच चेन चढते, नाक वर गेलं की पातंही वर जातं, मग तुम्ही घाबरून खाली दाबता आणि पुढची लाट आणखी मोठी होते. पातं अर्धा इंच हलवा, त्याहून जास्त नाही, आणि नाक हलायच्या आधी हलवा. वडील म्हणायचे, डोळ्याने नाही, बुडाने चालव. सीटमधून कळतं. मला कळायला पहिला अख्खा उन्हाळा लागला. माती बाजूंनी सांडत असेल तर त्याच चरातून पुन्हा-पुन्हा जा, सांडलेल्या मातीचेच दोन बांध होतात आणि पुढची सगळी माती पात्यासमोर राहते.

तुमची जागा उताराची आहे म्हणून एक गोष्ट दोनदा वाचा. वडिलांचं वाक्य होतं, "उतारावर डोझर उलटं ऐकतो." खाली उतरताना इंजिन डोझरला मागे धरून ठेवत असतं. तुम्ही उजवा लिव्हर नुसता ओढलात तर उजवी चेन सुटी होऊन जोरात धावते, डावी इंजिनाने धरलेली असते, आणि डोझर डावीकडे वळतो. उजवीकडेच जायचं तर उजवा ब्रेक आधी, लिव्हर त्याच्याबरोबर. हे सपाटीवर शंभर वेळा करून पायात बसवा, मगच उतार. उतारावर आडवं जाणं तर पहिलं वर्षभर नकोच. डी२ ला डोक्यावर पिंजरा नाही; उलटला तर तुमच्यावरच.

पोटाखालचा पत्राही काढून बघा. त्यावर वर्षानुवर्षांचा तेलकट पालापाचोळा आणि उंदरांची घरटी साठलेली असतात. वर पोनीचं पेट्रोल, भोवती ऑगस्टमधलं सिएराचं गवत. ते साफ केल्याशिवाय आणि आग विझवायचा सिलिंडर सीटशेजारी बांधल्याशिवाय पोनीला दोरी लावू नका.

रंगाचं शेवटी, किंवा कधीच नाही. कॅटरपिलर १९३१ च्या डिसेंबरपर्यंत करडी असायची, पिवळा त्यानंतरचा. तुमच्या डोझरवर तो जुना पिवळा अजून आहे, मला तो नव्या चकचकीत रंगापेक्षा बरा वाटतो. हा माझा हट्ट समजा.

हे वाचून उत्साह आला असेल तर एखाद्या शनिवारी स्टॉकटनला हॅगिन म्युझियममध्ये होल्टची यंत्रं बघून या; ज्या कंपन्यांतून पुढे कॅटरपिलर झाली त्यातली एक त्याची. त्याच गावाजवळ, रॉबर्ट्स बेटाच्या भुसभुशीत मातीत, १९०४ च्या नोव्हेंबरमध्ये बेंजामिन होल्टने चाकं काढून पट्ट्यांवर चालणारं वाफेचं इंजिन पहिल्यांदा चालवून पाहिलं.

बुचांतून काय निघालं ते कळवा, तेल की पाणी, आणि किती. त्यावरून पुढचं सांगतो. आणि आज संध्याकाळीच धुराड्यावर एक उलटा डबा घाला, फोटोत कोठाराचं छप्पर नेमकं त्याच्यावरच फाटलेलं दिसतंय.